बांधीतली बाळंतीण

वडशाला धानाचा हंगाम आधी नाकाला कळतो. दिवाळीच्या आगेमागे एखाद्या सकाळी शाळेत जायला निघावं, तर रेल्वे फाटकापाशी पोत्यांनी लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग असते आणि हवेत तो वास असतो. थोडा उन्हाचा, थोडा वाळत्या चिखलाचा, थोडा कुणी नुकतंच भाताचं झाकण काढावं तसा. भिंतीभिंतींवर नाटकांची नवी पोस्टरं चढतात, कालच्या नायिकेच्या तोंडावर आजचा खलनायक चिकटतो. मी दोन वर्षांपासून या गावात मास्तरीण आहे. दर हंगामाला फाटक उघडायची वाट बघत त्या वासात उभी राहते, आणि एवढ्या पोत्यांच्या, एवढ्या माणसांच्या गर्दीत मला आठवतं ते एक पाखरू. करडं, ठिपकेदार आणि अतिशय रागीट.

चार वर्षं झाली. तेव्हा माझी बदली पोंभुर्ण्याजवळच्या एका शाळेत झाली होती, माहेरापासून सायकलच्या अंतरावर. नवरा भद्रावतीला नोकरीला. मी आठवडाभर आईवडिलांकडे राहायचे आणि शनिवारी भद्रावती गाठायचे. आमच्या तिथल्या शेजारीण डोंगरेबाई यांना पाखरांची हौस. त्यांनी गिनी फाऊल पाळले होते, पाच. कॉलनीत भिंतीला भिंत लागलेली, आणि गिनी फाऊलला हळू बोलणं ठाऊक नाही. तक्रारी वाढल्या तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

"तुमच्या माहेरी जागा आहे ना? न्या तुम्ही. कोंबड्यांसारखंच सांभाळायचं. फक्त पहिले पंधरा दिवस कोंडून ठेवा, नाहीतर त्यांना घर कोणतं ते कळायचं नाही. आणि दाणे रोज एकच डबा वाजवून द्या. अंडी मात्र शोधू नका. त्या लपवून घालतात, तुम्हाला सापडायची नाहीत."

भाद्रपद संपत आला होता. दोन मोठ्या टोपल्या, वरून जुन्या साडीचं फडकं बांधलेलं, अशा मी त्या एसटीतून नेल्या. चंद्रपूरपर्यंत पाचही जण अंधारात गप्प होते. पोंभुर्ण्याच्या गाडीत बसल्यावर कुणाला तरी कंठ फुटला, आणि मग सगळ्यांनाच. कंडक्टर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "बाई, हे कोंबडं होय का मोर होय?" मी म्हटलं, गिनी फाऊल. तो म्हणाला, "बरं बरं," आणि कानात बोट घालून पुढे गेला. मागच्या सीटवरच्या एका म्हातारीनं फडकं थोडं सारून आत पाहिलं आणि मला धीर दिला, "रूप चांगलं हाये वो, बाई. गळाच तेवढा फाटका हाये."

रूप खरंच चांगलं होतं. राखाडी अंगावर पांढरे ठिपके इतके नेमानं मांडलेले, की एखाद्या विणकरानं मोजून भरावेत. मान बोडकी, गाल निळसर पांढरे, गळ्याशी लोंबत्या लाल पाळ्या आणि डोक्यावर हाडाचं एक बारकं शिंग, टोपी मागे सरकावी तसं. मायनं नाव ऐकलं आणि तिच्या जिभेवर जे बसलं ते कायमचं बसलं. गिनीफूल. "फुलाईले पानी ठेवलं का?" असं ती विचारायची, आणि बाहेरचं कुणी असलं तर परसातली झाडं शोधायचं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं.

माझे बाबा सखाराम, जातीनं ढिवर, गावच्या तलावावर त्यांचा जन्म गेला. पहाटे जाळं घेऊन जायचं, उन्हं चढायच्या आत मासोळी घेऊन यायचं, दुपारी ओसरीवर बसून जाळ्याची भोकं विणायची. सत्तरीच्या पुढे त्यांचे कान गेले. एकदम नाही. आधी तलावाच्या पलीकडून येणारी हाक गेली, मग अंगणातली, मग मायची, हातभर अंतरावरची. माणूस बहिरा होतो तेव्हा तो आधी हसरा होतो, हे मी तेव्हा पाहिलं. ऐकू आलं नाही की बाबा हसायचे, मान हलवायचे, "हो हो" म्हणायचे. एकदा पारावर कुणीतरी कुणाच्या तरी मरणाची बातमी सांगितली आणि बाबा, समोरच्यांचे ओठ बघून अंदाज बांधत, हसले. सगळे गप्प झाले. त्यांना घरी आल्यावर मायनं हातवारे करून सांगितलं काय झालं ते. त्यानंतर ते पारावर गेले नाहीत. तलावावरही जाणं सोडलं, कारण जोडीला असणारा माणूस काय सांगतो ते नावेत कळायला लागतं. जाळं आढ्याला टांगलं गेलं. मी चंद्रपुरातून कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते त्यांनी दोन दिवस लावलं. "सारं एकदमच ओरडते यात. भांडं बी, कुत्रं बी, हवा बी. मानूस कोनता ते समजतच नाई." मशीन डबीत गेलं आणि बाबा ओसरीच्या खांबाला टेकले. दोन वर्षं ते तिथेच होते, असं म्हटलं तरी चालेल.

पाखरं आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आम्ही त्यांना परसातल्या जुन्या गोठ्यात कोंडलं होतं. उजाडता उजाडता आतून गजर सुरू झाला, गंजलेलं चाक फिरावं तसा. मी आणि माय चुलीपाशी होतो. बाबा परसात येऊन उभे राहिले. मान एका बाजूला कललेली.

"कोन ओरडून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

मायच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. दोन वर्षांत बाबांनी कुठल्याही आवाजाबद्दल पहिल्यांदा काही विचारलं होतं. ती उठली, त्यांच्यासमोर गेली आणि ओठ मोठे करत म्हणाली, "फुलं!"

बाबा गोठ्याच्या दाराशी उकिडवे बसले, ते चहा निवेपर्यंत उठले नाहीत.

मग रोजचंच झालं ते. पंधरा दिवस पाखरं आत आणि बाबा दाराशी. त्यांना बाकी जगातलं काही ऐकू येत नव्हतं, पण हा आवाज येत होता. एवढा कर्कश होता म्हणून येत असेल, किंवा त्याची पट्टी त्यांच्या उरलेल्या कानात बसत असेल, मला ठाऊक नाही. मी डॉक्टरला विचारलंही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ते मला म्हणाले, "यात तीन माद्या हायेत आन दोन नर." मी हसले. पाचही जण मला हुबेहूब सारखे दिसत होते. "दिसत नाई," ते म्हणाले, "आयकू येते. नर नुसता ची-ची-ची लावते. मादी दोन सुरात बोलते. कु-ठी. कु-ठी." नंतर मी डोंगरेबाईंना फोनवर विचारलं, त्या म्हणाल्या, अगदी बरोबर, आवाजावरूनच ओळखतात.

तेव्हापासून आमच्या घरात ती मादी खरोखरच बोलू लागली. एकदा शब्द सापडला की दुसरं काही ऐकूच येत नाही. ती परसातून ओरडायची, "कुठी? कुठी?" आणि माय भाकरी थापता थापता उत्तर द्यायची, "इथी, बापा, इथी. जाईन कुठी?"

सोळाव्या दिवशी दार उघडलं. पाचही जण बाहेर आले आणि एकामागे एक निघाले, फार महत्त्वाच्या कुठल्या बैठकीला उशीर झाल्यासारखे. गाईच्या पायाशी जाऊन गोचीड टिपले. उकिरड्यावर वाळवीचं एक वारूळ होतं, ते तासाभरात सपाट केलं. मायच्या कोंबड्यांना धाक घातला, कुत्र्याला शेपूट घालायला लावलं. दुपारी दिसेनासे झाले तेव्हा मी धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, दोनदा जाऊन बघून आले. संध्याकाळी बाबांनी कणीचा डबा वाजवला. डब्याचा आवाज त्यांना स्वतःला येत नव्हता, हाताला जाणवत होता तेवढाच. आणि धुऱ्यावरून पाच ठिपकेदार बाया पदर सावरत धावाव्या तसं ते पळत आले. (त्यात दोन नर होते, पण धावताना सगळे बायाच दिसतात.) दाणे खाऊन झाले आणि भुर्रकन उडून चिंचेवर जाऊन बसले. गोठ्यात पुन्हा गेले नाहीत ते नाहीतच.

चिंचेची फांदी कौसाबाईंच्या छपरावर जाते. कौसाबाई म्हणजे आमच्या शेजारीण, साठीच्या, शब्दाला तिखट, हाताला झपाट्याच्या. त्यांच्या घरी सून बाळंत झालेली. मुलगी, जेमतेम पंधरवड्याची. पहाटे लेकराचा डोळा लागायचा आणि त्याच वेळी चिंचेवरून गजर व्हायचा. चार दिवस त्यांनी सोसलं, पाचव्या दिवशी त्या आमच्या अंगणात उभ्या राहिल्या.

"माझी नात झोपून नाई राह्यली! सखारामभाऊचं बरं हाये, त्याईले आयकूच येत नाई. आमी का करावं?"

"तेच त्याले आयकू येते, बाई," माय म्हणाली. "तेवढंच येते."

पण भांडणात असलं बोलणं कुणाच्या डोक्यात शिरत नाही. त्या लेकराचे लाल झालेले डोळे मी पाहिले होते, आणि कौसाबाई खोटं बोलत नव्हत्या. मी शब्द देऊन बसले. धान निघू द्या, म्हटलं, एवढा हंगाम होऊ द्या, मी पाखरं दुसरीकडे नेऊन देते. कौसाबाई म्हणाल्या, "मास्तरीनबाई, शब्द हाये." मी म्हटलं, शब्द आहे.

बाबांना मी ते सांगितलं नाही. कसं सांगणार होते? हातवारे करून?

त्या दिवसांत मी शाळेतून येताना सायकलचा वेग कमी करायचे. दोन्ही बाजूंनी धान पिवळं होत होतं. पाण्याला निरोप दिलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, त्यांच्यावर वाकलेल्या लोंब्या, संध्याकाळच्या वाऱ्यानं त्यांची होणारी बारीक सळसळ. एरवी मला तो महिना फार आवडतो. त्या वर्षी प्रत्येक पिवळी बांधी बघून वाटायचं, अजून हिरवी असती तर बरं झालं असतं.

मग एक मादी हरवली. आधी बाबांनाच कळलं. चिंचेखाली उभे राहून त्यांनी ऐकलं, बोटं मोजली. "दोन सुरातली एक कमी हाये." दोन दिवस त्यांनी धुरे पालथे घातले, बोरीच्या जाळ्या बघितल्या, तलावाच्या पाळीपर्यंत गेले. दोन वर्षांत ते एवढे चालले नव्हते. माय म्हणाली मुंगसानं नेली असेल. मला, खोटं कशाला सांगू, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. एक गेली, चार राहिली, तीही अशीच जातील, मला काही करावं लागणार नाही. आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

दहा-बारा दिवसांनी, कापणीसाठी मी भद्रावतीला न जाता थांबले त्या रविवारी, कौसाबाईंची बांधी कापायला निघाली. ती आमच्या परसाला लागूनच आहे. चार बाया होत्या. कौसाबाई, माझी माय, आणखी दोघी, आणि मी पाणी द्यायला. कापणाऱ्या बायांच्या हातांची एक लय असते. मूठ, इळा, मूठ, इळा, आणि मागे कापल्या धानाच्या कडपांची ओळ पडत जाते. बोलणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, सगळं वरच्या आवाजात. बाबा धुऱ्यावर येऊन बसले होते. बांधीच्या मधोमध पोहोचल्यावर कौसाबाई थबकल्या. त्यांनी इळा तसाच हवेत धरला होता.

"थांबा वो!" त्या ओरडल्या. "सारे इळे थांबवा!"

आम्हाला वाटलं साप. मी धावत गेले. धानाच्या बुडाशी, जिथे जमीन थोडी उंच आणि कोरडी होती तिथे, ती बसली होती. आमची हरवलेली. अंग फुगवलेलं, मान खाली, एक डोळा आमच्याकडे. इळ्याचं टोक तिच्यापासून वीतभर होतं आणि ती हलली नव्हती. हीच ती, जी चिमणी आली तरी गाव गोळा करायची. आता तोंडातून ब्र नाही. कौसाबाई खाली बसल्या, त्यांनी हळूच दोन लोंब्या सारल्या. तिच्या पोटाखालून अंड्यांची एक तपकिरी कड दिसली.

"बाळंतीन हाये वो हे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम घरातला झाला होता, सुनेच्या खोलीत जाताना व्हायचा तसा. "इच्यावरून कसा इळा घालू?"

"बाई, धान तुमचं हाये," माय म्हणाली.

"धान हायेच. धान कुठी चाल्लं? चला, अंगून-अंगून कापा. चारी बाजूनं सोडा तिले."

आणि त्या चार बायांनी एवढी बांधी कापली आणि मधोमध दोन खाटांएवढं धान तसंच उभं ठेवलं. संध्याकाळी मी धुऱ्यावरून पाहिलं. सगळीकडे कापलेली खुटं, पिवळा उजेड, आणि मध्ये तो उभा तुकडा, वाऱ्यावर हलणारा, जणू त्या शेताला कुणी खोली बांधून दिली होती.

बाबांना काही सांगावंच लागलं नाही. ते घरात गेले, पाटावर चढले आणि आढ्याचं जाळं काढलं. धूळ झटकली. बोरीच्या काट्या तोडून उभ्या धानाच्या भोवती रोवल्या आणि त्यावरून जाळं ताणलं. दिवसा एका बाजूनं उघडायचं, म्हणजे तिला दिवसातून एकदा खायला-प्यायला उठता यावं. सांज व्हायच्या आत चारी बाजूंनी बंद. रात्री तिथे थांबायची सोय नव्हती. वाघाचं गाव आमचं, सहानंतर बांधीत कोणी नसतं. त्यामुळे रोज सकाळी बाबा आधी तिकडे जायचे आणि तिथूनच हात वर करायचे. आहे. मग आम्ही चहा ठेवायचो.

पंधरा-सोळा दिवस ती खोली तशी उभी होती. त्या दिवसांचं मला सगळ्यात काय आठवतं तर माणसं. आधी कापणाऱ्या बाया येऊन बघून गेल्या, मग त्यांच्या घरचे. पारावरचे बाबांचे सोबती येऊ लागले. धुऱ्यावर बसायचे, बिडी ओढायचे. आणि शेतात कुणी हळू बोलत नाही. बांधीच्या या टोकावरून त्या टोकाला बोलायची सवय असलेल्या गळ्यांना बाबांशी बोलताना वेगळं काही करावं लागत नव्हतं. चार भिंतींत ज्याच्याशी ओरडून बोलायला लाज वाटते, त्याच्याशी उघड्यावर ओरडायला काही वाटत नाही. "कित्ते अंडे हायेत, भाऊ?" कुणीतरी विचारायचं, गावाला ऐकू जाईल असं. बाबांना निम्मं कळायचं, निम्मं ते बोटांवरून समजून घ्यायचे. "सतरा!" तेही ओरडून सांगायचे. एक दिवस मी शाळेतून आले तर धुऱ्यावर हास्याचा फवारा उडाला होता आणि त्यात बाबांचं हसणं होतं. या वेळी विनोद त्यांनीच केला होता.

कौसाबाई तर दिवसातून दोनदा यायच्या. मूठभर कणी, कधी चिरलेली भाजी. "खाय, माय, खाय. बाळंतीन बाईनं उपाशी राहू नाई." एकदा ढग दाटून आले आणि अवेळी पाऊस पडला, तेव्हा छपरावरची ताडपत्री काढून घेऊन पळत आल्या त्याच. त्यांचं स्वतःचं कापलेलं धान कडपांत पडलेलं होतं. ते आधी झाकलं, पण इकडे यायला विसरल्या नाहीत. सरी थांबल्यावर आम्ही ताडपत्री उचलली. ती होती तशीच बसली होती, पाठीवरच्या ठिपक्यांवर पाण्याचे थेंब, कुठले पांढरे ठिपके आणि कुठलं पाणी ते कळेना.

आणि एक दुपार. बाकीचे चौघे दूर चिंचेखाली चरत होते. ते ओरडू लागले. त्यात नवल नव्हतं, ते दिवसभर कशावर ना कशावर ओरडायचेच, आम्ही ऐकणं सोडून दिलं होतं. मी वह्या तपासत होते, माय निवडत बसली होती, कौसाबाई नातीला तेल लावत होत्या. चांगले कान असलेली तीन माणसं, आणि कुणी मान वर केली नाही. बाबा मात्र जेवता जेवता उठले, उष्ट्या हातानं. "हे रोजचं नाई. हे वेगळं हाये," म्हणत बांधीकडे धावले. आम्ही मागून गेलो तेव्हा जाळ्याच्या उघड्या बाजूनं मुंगूस अर्धं आत शिरलं होतं. मादी पंख पसरून उभी राहिली होती, अंडी तिच्या मागे. बाबांनी ढेकूळ मारलं, मुंगूस खुटांतून उड्या मारत गेलं. एक अंडं फुटलं होतं. बाबा धापा टाकत खाली बसले, ती परत अंड्यांवर बसेपर्यंत तिथून हलले नाहीत.

कौसाबाई तेलाच्या हातानं तशाच उभ्या होत्या. "वहिनी," त्या मायला म्हणाल्या, "त्या दिशी तू म्हनलं होतंस, तेवढंच त्याईले आयकू येते. ते मले आत्ता समजलं." मग नातीला राहिलेलं तेल लावायला घरी गेल्या.

पिल्लं निघाली ती एका बुधवारी. डोंगरेबाईंनी बजावलं होतं की ही आई अंडी उबवण्यात पक्की पण पिल्लं फिरवण्यात कच्ची. दवानं भिजलेल्या गवतातून ती त्यांना पळवते आणि पिल्लं गारठून मरतात. म्हणून बाबा भल्या सकाळी मासोळीची टोपली घेऊन गेले. मी मुख्याध्यापकांना फोन करून अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, घरी बाळंतपण आहे. चौदा पिल्लं होती. तपकिरी, पाठीवर काळ्या रेघा, पाय नारिंगी, प्रत्येक पिल्लू सुपारीहून थोडं मोठं. आईनं बाबांच्या हाताला दोनदा चोच मारली. रक्त आलं. बाबा हसत होते.

मायची एक देशी कोंबडी खुडुक बसलेली होती, तिच्या पंखाखाली पिल्लं सोडली. तिनं एकदा वळून पाहिलं आणि काही न विचारता पदरात घेतली. उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवलं, म्हणजे पिल्लं बुडू नयेत. उकडलेलं अंडं बारीक करून दिलं. पिल्लांची आई परसात येरझारा घालत विचारत होती, "कुठी? कुठी?" आणि संध्याकाळी चिंचेवरून उतरून ती त्या देशी कोंबडीच्या शेजारी जाऊन बसली. पुढे दोघींनी मिळूनच ती वाढवली.

त्याच संध्याकाळी कौसाबाई इळा घेऊन आल्या आणि उरलेलं धान कापलं. मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "बाई, धान निघालं. माझा शब्द माझ्या ध्यानात आहे. मी पाखरं..."

त्यांनी मूठ कापली, कडप टाकली आणि कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी अघोरी बोलले. "सव्वा महिन्याच्या आत बाळंतिनीले घराबाहेर काढतेत का वो? तू शिकलेली बाई ना?"

सव्वा महिन्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. मीही काढला नाही. नातीला तोवर त्या गजराची इतकी सवय झाली होती की एखाद्या सकाळी पाखरं लांब गेली तर तीच रडून उठायची.

एक गोष्ट मात्र अशी झाली की बाबा त्या दिवसांत मध्येच गप्प झाले. पिल्लांसमोर बसलेले असायचे, पण कपाळाला आठी. शेवटी त्यांनी मायला विचारलं, "हे पिल्लं बोलतेत का?"

"मंग! दिवसभर चिवचिव लावली हाये. कान किटले माये."

बाबा पिल्लांकडे बघत राहिले. चौदा चोची उघडत होत्या, मिटत होत्या. थोरल्यांचा आवाज येत होता आणि या धाकट्यांचा नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा कानाचं मशीन त्यांच्या कानात होतं. स्वतः काढून, स्वतः लावलेलं. या वेळी त्यांनी ते एकदम सगळ्या गलक्यात लावलं नाही. पिल्लांपाशी बसूनच लावलं, रोज थोडा वेळ. आधी पिल्लं, मग पिल्लं आणि कोंबडी, मग पिल्लं, कोंबडी आणि चुलीवरचं आधण. एकेक आवाज ओळखीचा करून घेत, एकेकाला घरात घेत. महिनाभरानं ते मायपर्यंत पोहोचले. तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे एवढं बोलते?"

"चाळीस वर्षं झाले, बोलूनच राह्यली हावो," माय म्हणाली. आणि मग ती पदरात तोंड लपवून हसली की रडली, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्यानंतरच्या वर्षी बाबा पुन्हा नावेत बसले. रोज नाही, गुडघे ऐकत नाहीत. माझी बदली वडशाला झाली. पाखरं आता एकोणीस आहेत, त्यांतली पाच कौसाबाईंच्या मालकीची. त्या त्यांना दाणे घालतात आणि आमच्या नावानं ओरडतात की तुमची पाखरं माझ्या पाखरांना बिघडवतात.

काल मी फाटकापाशी उभी असताना फोन केला. मालगाडी लांबलचक होती, कोळशाची, संपता संपत नव्हती. मला वाटलं नेहमीसारखी माय उचलेल. तिकडून बाबांचा आवाज आला. त्यांनी फोन उचलल्याचं मला आठवतच नव्हतं. मी सवयीनं गळा काढून ओरडले, "बाबाऽऽ! मी बोलून राह्यली! जेवण झालं काऽऽ?" शेजारचा ट्रॅक्टरवाला दचकून माझ्याकडे बघू लागला.

"हळू बोल ना," बाबा म्हणाले. "काऊन वो, सर्दी झाली काय तुले? आवाज बसला दिसते."

झाली होती, दोन दिवसांपासून. शाळेत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"हो," मी हळूच म्हटलं.

"मंग गरम पानी पेय," ते म्हणाले. "आन फाटकावर उभी नोको राहू, धूळ हाये तिथी. गाडी आयकू येऊन राह्यली मले."